इलेक्ट्रिक प्रेशर कुकर कसा काम करतो? लो-कार्ब पोर्कचं जेवण बनवता बनवता समजून घेऊया

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेतल्यावर बहुतेकांचा पहिला गोंधळ एकच असतो. डिस्प्लेवर २५ मिनिटं सेट केली, मग जेवायला तास का लागला? मशीन खराब आहे का? तर नाही. तो आकडा म्हणजे जेवण तयार होण्याची वेळ नसतेच. आत पूर्ण प्रेशर तयार झाल्यावर अन्न किती वेळ त्या प्रेशरखाली राहील, एवढंच तो आकडा सांगतो. त्याच्या आधी आणि नंतर काय चालतं, ते डिस्प्ले नीट दाखवत नाही.

मुंबई-पुण्यात हे माहीत नसलं तर फार तर जेवायला उशीर होईल. पण सुलतानपूरसारख्या गावात व्होल्टेज खाली-वर होतं, मध्येच लाईट जाते. त्यात कुकरमध्ये पोर्क असेल तर 'मांस आतपर्यंत शिजलं का?' हा प्रश्न थेट तब्येतीचा होतो. म्हणून या लेखात एक साधं लो-कार्ब पोर्कचं जेवण बनवूया आणि प्रत्येक पायरीला मशीन आत काय करतं तेही बघूया.

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर म्हणजे काय?

बंद भांड्यात वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांपेक्षा जास्त तापमानाला उकळतं. ही आयडिया जुनी आहे. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये असं भांडं तयार केलं होतं. शिट्टीचा कुकर याच तत्त्वावर चालतो. इलेक्ट्रिक कुकरमध्ये त्याला कंट्रोल सर्किट जोडलेलं असतं. १९९१ मध्ये चीनमध्ये योंग-ग्वांग वांग यांनी इलेक्ट्रिक प्रेशर कुकरच्या पेटंटसाठी अर्ज केला. २०१० मध्ये कॅनडातून 'इन्स्टंट पॉट' बाजारात आला आणि हा प्रकार जगभर पोचला.

आतले मुख्य भाग असे:

हीटर प्लेट: तळाशी असते. ५-६ लिटरच्या मॉडेलमध्ये साधारण १००० वॅटची.

तापमान सेन्सर: आतल्या भांड्याच्या तळाला टेकलेला असतो. तळ फार तापला की हाच सेन्सर 'बर्न'चा इशारा देतो.

प्रेशर स्विच: बऱ्याच मॉडेलमध्ये दाब वाढला की तळाची प्लेट किंचित खाली दबते आणि खालचा स्विच हीटर बंद करतो. दाब कमी झाला की हीटर पुन्हा चालू.

पिन (फ्लोट व्हॉल्व्ह): झाकणावरची छोटी धातूची पिन. वर आलेली असेल तर आत प्रेशर आहे आणि झाकण लॉक आहे. खाली असेल तर प्रेशर नाही. ही पिन विजेवर चालत नाही, म्हणून लाईट गेल्यावरही ती खरं तेच सांगते. पुढे याचा उपयोग होणार आहे.

रबर रिंग: झाकणाच्या आत बसते. ही नीट बसली नाही तर वाफ बाहेर जाते आणि प्रेशर बनतच नाही.

शिट्टी का होत नाही?

गॅसवरच्या कुकरला आच किती आहे हे कळत नाही. जास्तीची वाफ तो शिट्टीतून सोडतो आणि आपण शिट्ट्या मोजतो. इलेक्ट्रिक कुकर दाब बघून हीटरच चालू-बंद करतो, त्यामुळे वाफ बाहेर सोडायची गरज फारशी पडत नाही. म्हणून पाणीही कमी आटतं. गॅसच्या अंदाजाने पाणी घातलं तर रस्सा पातळ होतो, त्याचं कारण हेच.

दुसरा फरक तापमानाचा. गॅसवरचा कुकर साधारण १५ पीएसआय दाबावर चालतो, म्हणजे आत १२० अंश सेल्सिअसच्या आसपास. इन्स्टंट पॉटसारख्या मशीनमध्ये 'हाय' प्रेशर साधारण १० ते ११.५ पीएसआय असतं, म्हणजे ११५ ते ११८ अंश. त्यामुळे इलेक्ट्रिकमध्ये थोडा जास्त वेळ द्यावा लागतो.

उंचीचाही प्रश्न येतो. लोणार-मेहकर पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटरवर आहे. इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कुकरचा दाब बाहेरच्या हवेच्या वर मोजला जातो, त्यामुळे आतलं तापमानही एक-दीड अंशाने कमी भरतं. सर्वसाधारण नियम असा की २००० फुटांच्या (सुमारे ६१० मीटर) वर गेलं की दर हजार फुटांना ५ टक्के वेळ वाढवायचा. सुलतानपूर त्या रेषेच्या खालीच येतं, म्हणजे वेगळं गणित करायची गरज नाही.

तीन टप्पे: डिस्प्ले काय दाखवतो, काय लपवतो

पहिला टप्पा, प्रेशर तयार होणं: डिस्प्लेवर नुसतं 'ऑन' दिसतं. आतलं पाणी तापतं, वाफ होते, पिन वर येते. पाऊण किलो मांसाला साधारण १० मिनिटं. टायमर अजून सुरूच झालेला नसतो.

दुसरा टप्पा, काउंटडाउन: पूर्ण प्रेशर आलं की सेट केलेली मिनिटं उलटी मोजायला सुरुवात होते.

तिसरा टप्पा, प्रेशर उतरणं: बीप वाजला तरी आत प्रेशर असतं. मांसासाठी ते १५ मिनिटं आपोआप उतरू द्यायचं. लगेच वाफ सोडली तर आतला रस जोरात उकळतो आणि मांस कोरडं, चिवट लागतं.

आता कमी व्होल्टेजचं बघा. हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १००० वॅट देणारा हीटर १८० व्होल्टला फक्त ६१० वॅटच्या आसपास देतो. म्हणजे १० मिनिटांचा पहिला टप्पा १६ मिनिटांच्याही पुढे जातो. पण टायमर प्रेशर आल्यावरच सुरू होत असल्यामुळे मांसाला मिळणारी २५ मिनिटं कमी होत नाहीत. कमी व्होल्टेजला उशीर होतो, मांस कच्चं राहत नाही. घड्याळ बघून 'पाऊण तास झाला, झालं असेल' म्हणत कुकर बंद करणं हीच इथली मोठी चूक.

पोर्क घेताना काय बघायचं?

गोवा आणि वसईकडे पोर्क विंदालू जुन्या काळापासून बनतो. आपल्याकडे गावातल्या मटणाच्या दुकानात पोर्क सहसा नसतं, आणि अनेक घरांत ते चालतही नाही. चालत नसेल तर हीच कृती बोकडाच्या मटणाने करा, वेळ २५ ते ३० मिनिटं ठेवा.

कट: खांद्याचं मांस मागा. त्यात कोलॅजन जास्त असतं. कमी वेळात ते चिवट लागतं, पण प्रेशरखाली त्याचं जिलेटिन होतं आणि मांस मऊ पडतं. कमरेचं बिनचरबीचं मांस या कुकरमध्ये कोरडं होतं.

स्रोत: उघड्यावर घाण खात फिरणाऱ्या डुकराचं मांस टाळा. अशा मांसात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात. कच्च्या मांसात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे फोड दिसले तर ते घेऊच नका.

इथे एक गैरसमज दूर करूया. 'पोर्क खाल्लं की मेंदूत किडे होतात' असं म्हणतात. अर्धकच्चं पोर्क खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूत गाठी होतात त्या या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून दूषित पाणी, न धुतलेला भाजीपाला आणि अस्वच्छ हातांवाटे येतात. म्हणजे पोर्क न खाणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. मांस पूर्ण शिजवणं आणि हात-भाज्या धुणं, दोन्ही गरजेचं आहे.

सुरक्षित तापमान: पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठी आतलं तापमान ६३ अंश आणि त्यानंतर ३ मिनिटं विश्रांती, खिम्यासाठी ७१ अंश, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे. प्रेशर कुकर याच्या खूप पुढे जातो, पण पहिले दोन टप्पे पूर्ण झाले तरच.

फ्रोझन: शहरातून फ्रोझन पोर्क आणत असाल तर बर्फाच्या डब्यातून आणा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून वितळवा. ओट्यावर ठेवून वितळवू नका. गोठलेला एकच गोळा कुकरमध्ये टाकला तर बाहेरून शिजतो आणि आत गार राहू शकतो.

साहित्य (४ जणांसाठी, ५-६ लिटरचा कुकर)

पोर्क, खांद्याचं, ३-४ सेंटिमीटरचे तुकडे: ७५० ग्रॅम
कांदे: २ मध्यम (१५० ग्रॅम)
टोमॅटो: १ मोठा (१०० ग्रॅम)
आलं-लसूण वाटण: २ चमचे
सुकं खोबरं: ३० ग्रॅम, तीळ: १ चमचा (दोन्ही भाजून, थोडं पाणी घालून वाटलेलं)
काळा मसाला: २ चमचे, तिखट: १ चमचा, हळद: अर्धा चमचा
मीठ: दीड छोटा चमचा
पाणी: १ कप (२४० मिली)
तेल: १ चमचा (पोर्कची चरबी सुटते, जास्त नको)
पानकोबी, जाड चिरलेली: ४०० ग्रॅम
वरून सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू

चमचा म्हणजे जेवणाचा मोठा चमचा, फक्त मीठ छोट्या चमच्याने.

कृती

१. मांसाला मीठ, हळद आणि आलं-लसूण लावून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा.

२. 'सॉते' मोड लावा. या मोडमध्ये कुकर उघड्या कढईसारखा चालतो. झाकण लावायचं नाही. तेलात कांदा ५ मिनिटं परता. मग मांस दोन वेळा करून परता. सगळं एकदम टाकलं तर पाणी सुटतं आणि मांस भाजलं जात नाही.

३. तिखट आणि काळा मसाला टाकून अर्धा मिनिट परता. लगेच पाणी ओता आणि लाकडी उलथण्याने तळाला चिकटलेलं सगळं खरवडून काढा. ही पायरी सोडू नका. चिकटलेला मसाला जळतो, सेन्सरला तळ जास्त गरम लागतो आणि 'बर्न' येतो.

४. चिरलेला टोमॅटो वरून टाका, ढवळू नका. खोबरं-तिळाचं वाटण आत्ता टाकायचं नाही. ते दाट असतं, तळाशी बसतं आणि हमखास 'बर्न' आणतं.

५. 'कॅन्सल' दाबून सॉते मोड बंद करा. रिंग नीट बसली आहे का ते बघा, झाकण फिरवून लॉक करा, वाफेचा व्हॉल्व्ह 'सीलिंग'वर ठेवा. भांडं दोन-तृतीयांशाच्या वर भरलेलं नको.

६. हाय प्रेशर, २५ मिनिटं. काउंटडाउन सुरू झाला की फोनवर स्टॉपवॉच लावा. हे कशासाठी, ते खाली कळेल.

७. बीप झाल्यावर १५ मिनिटं तसंच राहू द्या. उरलेली वाफ उलथण्याच्या टोकाने व्हॉल्व्ह फिरवून सोडा. हात आणि चेहरा लांब. पिन खाली पडल्यावरच झाकण उघडा.

८. वर आलेलं तेल डावाने काढून टाका. परत सॉते मोड, खोबरं-तिळाचं वाटण आणि पानकोबी टाका, ५-६ मिनिटं उकळू द्या. पानकोबी प्रेशरखाली टाकली असती तर तिचा लगदा झाला असता. सांबार आणि लिंबू घालून वाढा.

कार्बचा हिशोब

मांसात कार्ब जवळजवळ शून्य. कांदा, टोमॅटो, खोबरं, मसाले आणि पानकोबी धरून एका ताटात अंदाजे १५ ते २० ग्रॅम येतात, त्यातले काही फायबरचे. याउलट ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात, म्हणजे साधारण दोन भाकरींत, ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात. म्हणजे रस्सा लो-कार्ब असून भागत नाही, ताटात भाकरी आणि भात किती घेतला यावर सगळं ठरतं. पूर्ण सोडायची नसेल तर अर्धी भाकरी घ्या. रस्सा दाट करायला बेसन किंवा बटाटा घालू नका, खोबरं-तीळ पुरतात.

घरात कुणाला डायबिटीस असेल आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू असेल, तर भाकरी-भात अचानक बंद करू नका. औषधाचा डोस तोच आणि कार्ब कमी, असं झालं की साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला. किडनीचा त्रास असेल तरीही विचारूनच.

मध्येच लाईट गेली तर?

पिन आणि फोनवरचं स्टॉपवॉच बघा. तीन शक्यता आहेत.

पिन वर आलीच नव्हती: मांस कच्चं आहे, असंच धरा. लाईट अर्ध्या तासात आली तर प्रोग्रॅम पहिल्यापासून लावा, पूर्ण २५ मिनिटं. नाही आली तर सगळं गॅसच्या कुकरमध्ये काढून शिजवा. कोमट मांस वाट बघत ठेवू नका. कच्चं मांस बाहेर २ तासांपेक्षा जास्त, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासापेक्षा जास्त ठेवू नये.

काउंटडाउन चालू होता: झाकणाला हात लावू नका. भांडं सगळीकडून झाकलेलं असल्याने तापमान हळूहळू उतरतं. लाईट आली की स्टॉपवॉचवरून झालेली मिनिटं बघा, उरलेली मिनिटं अधिक ५ एवढी सेट करा. काही मॉडेल स्वतःहून पुढे चालू होतात, काहींना बटण दाबावं लागतं. तुमच्या मॉडेलचं माहितीपत्रक एकदा वाचून ठेवा. लाईट आलीच नाही तर पिन आपोआप खाली पडेल. मग गॅसच्या कुकरमध्ये काढून उरलेलं शिजवा आणि मोठा तुकडा कापून आत कुठे कच्चं नाही ना ते बघा. वीस-पंचवीस मिनिटांत दोनदा लाईट जाऊन आली असेल तर मोजदाद सोडा, पूर्ण वेळ परत द्या. खांद्याचं मांस थोडं जास्त शिजल्याने बिघडत नाही.

बीप झाला होता: काहीच अडचण नाही. प्रेशर उतरायला वीज लागत नाही. पानकोबी गॅसवर करा.

'डिले स्टार्ट' आणि ॲप: इथे जरा थांबा

बऱ्याच मॉडेलमध्ये 'डिले स्टार्ट' असतो, काही मॉडेल फोनच्या ॲपवरूनही चालतात. सकाळी मांस भरून ठेवायचं आणि संध्याकाळी कॉलेजातून निघताना ॲपवरून सुरू करायचं, ही आयडिया भारी वाटते. कच्च्या मांसासाठी ती वापरू नका. मे महिन्यात विदर्भात पारा ४० च्या वर जातो, आणि अशा घरात सहा तास पडलेल्या मांसात जंतू भरपूर वाढतात. 'नंतर प्रेशरखाली मरतीलच की!' जंतू मरतात, पण स्टॅफिलोकोकस ऑरियससारख्या काही जंतूंनी आधीच तयार केलेलं विष उष्णतेने सहज नष्ट होत नाही. आणि त्याच वेळी लाईट नसेल तर ॲपची कमांड कुकरपर्यंत पोचणारच नाही. भिजवलेल्या हरभऱ्यासाठीही उन्हाळ्यात एक-दोन तासांपुरताच डिले ठेवा.

वीज किती लागते?

परतणं १५ मिनिटं, प्रेशर येणं १० मिनिटं आणि पुढे हीटर मधूनमधून चालू-बंद, हे सगळं धरलं तर अंदाजे ०.४ ते ०.५ युनिट. मोबाईल चार्जरच्या मानाने हा लोड खूप मोठा आहे, म्हणून:

१००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेचार अँपियर. चांगल्या स्थितीतल्या भिंतीवरच्या पॉईंटलाच लावा. अर्थिंग हवीच.

ज्या एक्स्टेंशन बोर्डवर फ्रिज किंवा कूलर आहे, त्यावर लावू नका. प्लग गरम लागला तर लगेच बंद करा.

घरातला ७००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर एवढा लोड उचलत नाही. लाईट गेल्यावर कुकर इन्व्हर्टरवर चालवायचा प्रयत्न करू नका.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'बर्न' आला तर काय करायचं?
कॅन्सल दाबा, प्रेशर उतरू द्या, पिन पडल्यावर उघडा. तळ खरवडा, पाव कप पाणी घाला, परत लावा. पूर्ण वेळ द्या.

पिन वर येतच नाही, बाजूने वाफ निघते. का?
रिंग वाकडी बसली आहे, व्हॉल्व्ह 'व्हेंटिंग'वर आहे किंवा पाणी कमी आहे. हे तीनच आधी तपासा.

रिंगचा वास जात नाही. मग?
सिलिकॉन वास धरून ठेवतं. दोन रिंग ठेवा, एक नॉनव्हेजसाठी आणि एक भात-खिरीसाठी. घरात कुणी पोर्क खात नसेल तर आतलं भांडंही वेगळं घ्या.

दुप्पट मांस घेतलं तर वेळ दुप्पट?
नाही. वेळ तुकड्याच्या जाडीवर ठरतो, वजनावर नाही. तुकडे तेवढेच असतील तर २५ मिनिटंच. फक्त प्रेशर यायला जास्त वेळ लागेल.

उरलेलं किती दिवस टिकतं?
दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. गरम करताना पूर्ण उकळी आणा. फ्रिज बराच वेळ बंद होता असा संशय असेल तर टाकून द्या.

थोडक्यात, पहिल्या वेळी अंधार पडायच्या आत सुरुवात करा, हातात दीड तास ठेवा आणि पिन कधी वर येते, कधी खाली पडते ते स्वतः बघा. एकदा हे तीन टप्पे डोळ्यांनी बघितले की लाईट गेली तरी मांस कच्चं आहे की शिजलं, याचा अंदाज बांधत बसावं लागणार नाही.